दीप्तीचं नाव

शिक्षकांच्या खोलीतल्या भिंतीवर बरगी धरणातल्या बोटीचा फोटो यायचा होता, त्याऐवजी दोन पुरुष आले. भिंतभर मोठे. एकाने दुसऱ्याचा तापलेला चेहरा दोन्ही तळहातांत धरलेला, कपाळाला कपाळ टेकलेलं, मागे गलबताचं फाटकं शीड. चित्राखाली इंग्रजी मजकूर होता, आणि राजश्रीला चोपन्नाव्या वर्षी चष्म्यातूनही बारीक वाचवत नसल्यामुळे अक्षरं तिनेच वाढवून ठेवलेली होती. प्रोजेक्टरने ती आणखी वाढवली. नववीच्या मुलींच्या सहलीसाठी बैठक होती, अठरा जण बसले होते, आणि मधल्या सुटीत वाचता वाचता घंटा झाली म्हणून तिच्या फोनवर उघडंच राहिलेलं पान सगळ्यांसमोर होतं. व्यायामाचे केतन सर मोठ्याने वाचायला लागले. वाचून हिंदीत अर्थही सांगितला. "तू मर गया तो मैं तुझे माफ़ नहीं करूँगा, ऐसा कहके उसने उसके होंठ... अरे मॅडम, ये तो दोनों आदमी हैं!" कुणीतरी फिस्सकन हसलं. राजश्री वायर उपटायला गेली तर तिला ती सापडेना. पोटातून काहीतरी गरम उठून कानांपर्यंत आलं. प्राचार्या मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि हळू आवाजात विचारलं, "ये फ़ोन किसका है?" राजश्री म्हणाली, "फ़ोन तो मेरा है मॅम, पर सुबह दीप्ती के पास था. उसका नेट नहीं चल रहा था."

आपण हे कधी ठरवलं, हे तिला नंतर कितीही आठवून सापडलं नाही. शब्द तयार होते. संस्कृत शिकवताना एखादं सुभाषित जसं पहिल्या चरणावरून आपोआप पुढे सरकतं तसं ते वाक्य सरकलं, नेट बंद असल्याच्या बारकाव्यासकट. आणि सगळ्यांची डोकी एकदम, कुणी न सांगता, खिडकीजवळच्या खुर्चीकडे वळली. तिथे दीप्ती बसली होती. एकोणतीस वर्षांची, गणिताची, कंत्राटावरची, बारीक केस कापलेली दीप्ती. तिने राजश्रीकडे पाहिलं. राग असता तर बरं झालं असतं. ती उभी राहून म्हणाली, "जी मॅम. मेरा ही है. लॉग-इन खुला रह गया होगा." आणि पुढे येऊन तिनेच ती वायर काढली. वायर राजश्रीच्या हाताशीच होती.

त्या दिवशी घरी येताना राजश्रीने स्कूटर जबलपूरच्या राइट टाउन चौकात दोनदा बंद पाडली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते. तिला दिसत होती ती फक्त वळणारी डोकी. केतन सर, लायब्ररीतल्या मॅडम, दीप्तीच्या डब्यातली भेंडी रोज खाणाऱ्या हिंदीच्या मॅडम, सगळ्यांची. एकालाही आश्चर्य वाटलं नव्हतं. म्हणजे ते आधीच मनात धरून बसले होते आणि आपण त्यांना फक्त कारण पुरवलं. घरी मोहन चहा करून बसला होता. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून चार वाजताचा चहा तो करायचा आणि त्याबद्दल रोज थोडी शाबासकी त्याला लागायची. "बरा झाला का?" त्याने विचारलं. "छान झाला," ती म्हणाली. चहा तोंडात आहे की नाही हेसुद्धा तिला कळत नव्हतं.

हे वाचायचं वेड तिला मूळचं होतं. तिचे वडीलही संरक्षण कारखान्यातच होते आणि दर शनिवारी मराठी मंडळाच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचे. आईसाठी कादंबरी, स्वतःसाठी चरित्र आणि राजश्रीसाठी समुद्रावरची साहसं. समुद्र तिने सव्विसाव्या वर्षी, लग्नानंतर पाहिला. तोवर नर्मदेचं पावसाळ्यातलं पात्र हाच तिचा समुद्र होता. त्या पुस्तकांत वादळं होती, बेटं होती, पण मुली नव्हत्या. असल्याच तर किनाऱ्यावर रुमाल हलवायला. लहानपणी ती चलाखीने स्वतःला गलबतावर घालायची, मुलगा होऊन. मग लग्न, नोकरी, सुमेधाचा जन्म, सासूबाईंचं आजारपण, यांत ते गलबत कुठे गेलं कळलं नाही. तीन वर्षांपूर्वी सुमेधा लग्न होऊन बंगलोरला गेली आणि दुपारी मोहन घोरत असताना घर इतकं शांत व्हायला लागलं की राजश्रीने सहज फोनवर समुद्रकथा शोधल्या. तिथे तिला ही लांबलचक कादंबरी सापडली, दर शुक्रवारी एक प्रकरण अशी कुणीतरी लिहीत होतं. कासो नावाचा चिडका तांडेल, एद्रिन नावाचा नकाशे काढणारा, जो नकाशात खोटी बेटं घालतो कारण त्याला रिकामा समुद्र बघवत नाही. मुन्रा नावाची वैद्य, जिला जन्मभर बोट लागते आणि तरी उतरत नाही. मीठ कमी झालं की अख्ख्या जहाजाशी बोलणं टाकणारा म्हातारा आचारी. राजश्री शब्दकोश घेऊन वाचायची, वहीत अर्थ लिहायची. नवव्या प्रकरणात तिच्या लक्षात आलं की कासो आणि एद्रिन यांचं जे चाललं आहे ती दोस्ती नाही. तिने फोन पालथा ठेवला. जाऊन भांडी घासली, जी बाई येऊन घासणार होती. हात पुसले आणि परत येऊन दहावं प्रकरण उघडलं.

काहून वाचतो आपण हे, असं ती स्वतःला अधूनमधून विचारायची, आणि उत्तर द्यायच्या आधी पुढचं पान उघडायची. एकदाच, कपडे वाळत घालताना, उत्तर आपणहून आलं होतं. त्या दोघांत बायको कोण हे आधी ठरलेलं नव्हतं. जखम कुणी बांधायची, कुणी वाट पाहायची, माफी आधी कुणी मागायची, हे त्यांना प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागायचं, आणि ते ठरवताना ते बोलायचे. पानंच्या पानं बोलायचे. मोहन चांगला माणूस. एकतीस वर्षांत त्याने कधी आवाज चढवला नाही. पण त्यांच्यात ठरवायचं असं काही उरलेलंच नव्हतं. ते लग्नाच्या याद्यांबरोबर आधीच कुणीतरी ठरवून दिलं होतं. कासोने पहिल्यांदा एद्रिनचा हात धरला ते प्रकरण तिने सात वेळा वाचलं. छाती धडधडायची. या वयात! मग ती खिडकीचा पडदा सारखा करायची, जणू समोरच्या बाल्कनीतून कुणाला तिच्या फोनची अक्षरं वाचता येणार होती.

आणि एक दिवस शाळेत, मधल्या सुटीत, पाठीमागून कुणीतरी हळूच म्हणालं, "ताई, कुठपर्यंत आल्या? मुन्रा मरते तिथे आल्या की सांगा, मी रुमाल घेऊन येईन." राजश्रीचा फोन हातातून पडायचाच बाकी होता. दीप्ती हसत होती. तीही तेच वाचत होती, दोन वर्षांपासून. त्या दिवसापासून सायकल स्टँडजवळ दोघींची दहा मिनिटं ठरून गेली. शाळा सगळी हिंदी, म्हणून त्या मराठीत बोलायच्या. दीप्तीचं मराठी घरात ऐकून आलेलं, मोडकंतोडकं. "मला समजते सगळं ताई, बोलायला गेली की बीच में हिंदी येऊन जाते." तरी राजश्री मुन्राच्या मरणापर्यंत आली त्या दिवशी दीप्ती शुद्ध मराठीत रडली. राजश्रीला बरोबरीचं असं माणूस कित्येक वर्षांनी मिळालं होतं. दिवाळीच्या सुमाराला दीप्तीने एकदा चप्पल मातीत घासत, आपल्याबरोबर राहणाऱ्या मैत्रिणीबद्दल सांगितलं, "ज्योती माझी रूममेट नाही आहे. म्हणजे तसं नाही." राजश्री लगेच म्हणाली, "अगं, मला काय त्याचं!" आणि स्वतःच्या मोठ्या मनाचं तिला कौतुक वाटलं. इतकं वाटलं की ती दिवसभर गुणगुणत होती. मग तिने विचारलं होतं, "घरात कोण काय करतं गं तुमच्यात?" कादंबरीतलं पुढचं प्रकरण विचारावं तसं. दीप्ती हसली होती. आता ते हसू आठवलं की राजश्रीला ओठ चावावेसे वाटत. ते हसू सांभाळून घेणाऱ्या माणसाचं होतं.

बैठकीनंतरच्या सोमवारी सहलीच्या यादीतून दीप्तीचं नाव निघालं. प्राचार्या मॅडमनी तिला बोलावून सांगितलं, "बच्चियों के साथ आप मत जाइए. पैरेंट्स का पता नहीं चलता." तिच्या जागी राजश्रीचं नाव घातलं गेलं. राजश्रीने कागदावर सही केली. सायकल स्टँडजवळ दीप्ती येईनाशी झाली. वऱ्हांड्यात समोर आली तर "गुड मॉर्निंग मॅम" म्हणायची. ताई म्हणणं गेलं होतं. माफी मागायची म्हणून राजश्री रोज काही वाक्यं घेऊन शाळेत जायची आणि ती वाक्यं डब्याबरोबर परत आणायची. आज बरोबर नाही, आज तिचे सलग तास आहेत, आज केतन सर बघून राहिले. जितके दिवस गेले तितकं ते तोंड उघडणं जड होत गेलं.

बरगीला थंडी होती. धरणाच्या पाण्यावर बोट निघाली, चाळीस मुली घसा ताणून गात होत्या, लांबवर एक कोळी होडीत उभा राहून जाळं ओढत होता. राजश्री मागच्या बाकावर बसली. महिनाभर तिने काही वाचलं नव्हतं. ती शिक्षा तिने स्वतःला केली होती आणि तिच्यात एक बारीकसं समाधानही होतं. तो शुक्रवार होता. नवं प्रकरण आल्याची खूण फोनवर दिसली आणि तिचं बोट तिच्या आधी तिथे पोचलं. एद्रिन वाचला होता. तापातून उठल्यावर त्याने पहिल्यांदा मागितलं काय, तर मीठ. आणि तो म्हातारा आचारी तोंड फिरवून रडला. राजश्री हसली. खुदकन, मोठ्याने. एका मुलीने वळून पाहिलं. पाणी चमकत होतं, अंगावर ऊन होतं, आणि त्या पाच मिनिटांत तिला पूर्ण, निर्भेळ आनंद झाला होता. दीप्तीच्या जागेवर बसून. हे लक्षात आलं तेव्हा तिला मळमळायला लागलं. "मॅडम को बोट लग गई," मुली म्हणाल्या, कुणी आवळा दिला, कुणी पाठ चोळली. ती चोळू देत राहिली.

मार्चमध्ये कळलं की दीप्तीचं कंत्राट पुढे वाढवणार नाहीत. कारण कागदावर काही नव्हतं. त्याच दिवशी शाळा सुटल्यावर राजश्री चेरीतालला, दीप्तीच्या घरी गेली. पत्ता तिला माहीत होता, पण इतक्या महिन्यांत ती एकदाही गेली नव्हती. दीप्तीने दोनदा बोलावलं होतं तरी. जिना अरुंद होता. दार ज्योतीने उघडलं. सावळी, उंच, रेल्वेच्या दवाखान्यात नर्स, अजून ड्यूटीच्या कपड्यांत. तिने राजश्रीला ओळखलं आणि दारातून बाजूला व्हायला जरा वेळ घेतला. आत दोन खोल्या, गच्च पुस्तकं, गॅसवर वरण. दीप्ती खाली बसून वह्या तपासत होती. शाळेतून काढलं तरी वह्या तपासून देणार होती.

"बसा मॅम," ती म्हणाली.

राजश्रीने सगळी वाक्यं एकदम बोलून टाकली. मी घाबरली, माझी चूक झाली, मला झोप नाही, मी मोठी असून, वगैरे. दीप्ती ऐकत होती. हातातलं लाल पेन तिने खाली ठेवलं नाही.

"तुम्ही झूठ बोलल्या त्याचं काही नाही," ती शेवटी म्हणाली. "मी पण रोज बोलते. घरमालकाला बोलते, आईला बोलते. पण तुम्ही माझं नाव घेतलं आणि ते किती पटकन पटलं सगळ्यांना, ते मी पाहून राहिली होती. मला वाटत होतं तिथे मला कोणी ओळखत नाही. सगळे ओळखत होते."

"मग तू हो काहून म्हणाली?"

"तुम्ही इतक्या घाबरून गेल्या होत्या." दीप्तीने खांदे उडवले. "मला दया आली. आणि मी नाही म्हटलं असतं तरी कोणी मानलं असतं का?"

ज्योती ओट्याशी पाठमोरी उभी होती. ती न वळताच बोलली. मराठी तिने दीप्तीकडूनच उचललं असावं, एकेक शब्द निवडून. "किताब वाले चालतात तुम्हाला. दीप्ती सांगायची, ताई किती छान समजतात. मी म्हणायची, घरी आण ना मग ताईला."

राजश्रीला या घरात आल्यापासून पहिल्यांदा रडू आलं, आणि इथे रडायचाही आपल्याला हक्क नाही हे कळून तिने ते गिळलं. दीप्तीने विचारलं, "वरण-भात खाऊन जाता का?" तो प्रश्न खरा होता, जबलपुरात दारी आलेल्याला विचारतात तसा. राजश्री नाही म्हणाली. जिना उतरताना आपण नाही का म्हणालो ते तिला समजेना.

दुसऱ्या दिवशी ती प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्यानेच म्हणाली, "मॅम, उस दिन वो मैं पढ़ रही थी. दीप्ती नहीं." प्राचार्या मॅडमनी तिच्याकडे फार मायेने पाहिलं. "आप बहुत अच्छी हैं राजश्री जी. पर उसे बचाने के लिए अपना नाम मत ख़राब कीजिए." राजश्रीला आधी कळलंच नाही. मग तिने परत सांगितलं. प्राचार्यांनी घंटी वाजवून तिच्यासाठी पाणी मागवलं.

दुपारी शिक्षकांच्या खोलीत तिने सगळ्यांसमोर तेच सांगितलं, आणि तिथेही तेच झालं. लायब्ररीतल्या मॅडमनी तिचा हात दाबला. केतन सर म्हणाले, "दिल बड़ा है मॅडम का. पर हम सब समझते हैं." खोटं एका वाक्यात उतरलं होतं त्यांच्या गळी, आणि खरं तीनदा सांगून उतरत नव्हतं. खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. दीप्ती तासावर होती. राजश्री तिथे जाऊन उभी राहिली, टेबलाची कड धरली आणि गोष्ट सांगायला लागली. हिंदीत, वर्गात सांगते तशी. एक तांडेल होता. तो चिडका होता, कारण त्याचं पहिलं जहाज त्याच्याच चुकीने बुडालं होतं. मग एक नकाशे काढणारा आला. ती खोट्या बेटांचं सांगत गेली, मुन्राचं सांगितलं, मुन्रा कशी मरते तेही, तेव्हा तिचा आवाज फाटला. हात पहिल्यांदा धरला ते सांगितलं. कोणत्या प्रकरणात, कोणत्या बंदरात, तेव्हा कोण काय म्हणालं ते सांगितलं. ताप कसा चढला, भिंतीवर त्या दिवशी जे वाक्य होतं त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं. आधी ते हसत होते. मग केतन सर फोनकडे पाहायला लागले. हिंदीच्या मॅडमनी डबा बंद केला. साधारण विसाव्या मिनिटाला लायब्ररीतल्या मॅडमनी, ज्यांनी हात दाबला होता, आपली पर्स उचलून बाजूच्या खुर्चीवरून मांडीवर घेतली. तेव्हा राजश्रीला कळलं की आता पटलं. कानांपर्यंत तीच गरम कळ आली, त्या दिवशीचीच, जराही कमी नाही. ती बोलत राहिली. घंटा झाल्यावर थांबली.

याने दीप्तीचं काही परत आलं नाही. कंत्राट संपलं ते संपलंच. एप्रिलमध्ये दीप्ती आणि ज्योती नागपूरला गेल्या, तिथे ज्योतीला एका खाजगी दवाखान्यात काम मिळालं होतं. जाताना दीप्तीचा फोन आला नाही, आणि यायला हवा होता असं राजश्रीलाही वाटलं नाही. शाळेत तिला कुणी काही बोललं नाही. फक्त पुढच्या सहलीच्या यादीत तिचं नाव नव्हतं, आणि मधल्या सुटीत तिच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर वह्यांचे गठ्ठे ठेवलेले असायचे.

मोहनला मात्र ती शाळेत बोलली त्याच दिवशी कळलं. केतन सरांचा भाऊ त्याच्याबरोबर कारखान्यात होता. ती घरी आली तेव्हा चहा झाकून ठेवलेला होता आणि तो टीव्ही बंद करून बसला होता.

"शाळेत काय बोलली तू आज?" त्याने विचारलं. तिने सांगितलं, सगळं, दीप्तीचं नाव घेतल्यापासून. तो मान खाली घालून ऐकत राहिला. दीप्तीचं ऐकताना त्याने एकदा "च्च" केलं. ते कुणासाठी होतं ते तिला कळलं नाही. चहावर साय धरली.

"पण तू वाचते काहून असलं?" तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. त्याला खरंच समजत नव्हतं, आणि एकतीस वर्षांत त्याने तिला असा, उत्तर माहीत नसलेला प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता.

दुपारी ती वीस मिनिटांहून जास्त बोलली होती आणि हे कुणी विचारलं नव्हतं. तिने तोंड उघडलं. वेळ जातो म्हणून, इंग्रजी सुधारतं म्हणून, असली कारणं जिभेवर लगेच येऊन उभी राहिली, तयार, बारकाव्यांसकट.

"आवडतं," ती म्हणाली.

ते इतक्या हळू आलं की मोहनने कान पुढे केला. राजश्रीने घसा खाकरला, आणि परत म्हणाली.